उतारवयातली उठबस

उतारवयात व्यायाम सुरू करणाऱ्याला त्याचा पहिला फायदा बहुधा फरशीवर दिसतो. रक्तदाबाची गोळी हातातून निसटते, घरंगळत दिवाणाखाली जाते आणि माणूस खाली बसून, हात घालून, ती बाहेर काढून उभा राहतो. एवढेच. यात कौतुक कसले, असे चाळिशीच्या आतल्या वाचकाला वाटणे साहजिक आहे. कौतुक असे, की सहा महिन्यांपूर्वी याच गोळीसाठी आधी झाडू आणला गेला असता, मग बॅटरी, मग नातू. आणि नातू क्लासला गेलेला असता तर गोळी दिवाळीच्या साफसफाईपर्यंत तिथेच राहिली असती.

शरीर सुटत चालले की दुखण्याच्या आधी हिशेब सुरू होतात. बसण्यापूर्वीच, उठताना कशाला धरायचे ते हेरून ठेवायचे. कोणाकडे गेल्यावर मऊ सोफा इतरांना सोडून कडेची लाकडी खुर्ची पकडायची, कारण सोफा जितका महाग तितका तो माणसाला आत ओढतो आणि परत द्यायला नाखूश असतो. लग्नाची पत्रिका आली की मुहूर्ताच्या आधी हॉल कितव्या मजल्यावर आहे ते विचारायचे. हे हिशेब इतके बेमालूम अंगवळणी पडतात, की करणारा त्यांना आपला स्वभाव समजू लागतो. 'मला नाही बाई खाली बसायला आवडत' हे वाक्य ऐकायला आवडीनिवडीचे वाटते. त्याचा उगम मांडीच्या स्नायूंत असतो. व्यायामाने हे हिशेब एकेक करून बंद पडतात. बंद पडलेला हिशेब मात्र कोणी लक्षात ठेवत नाही. त्यामुळे फायदा होऊन गेल्यावर बऱ्याच दिवसांनी, आणि पुष्कळदा दुसऱ्याच कोणाच्या तरी तोंडून, तो कळतो.

मूळ कारण स्नायूंची झीज. तिशी ओलांडल्यावर दर दहा वर्षांत साधारण 3 ते 8 टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. अमेरिकन संशोधक अर्विन रोझेनबर्ग यांनी 1989 साली या झिजेला सार्कोपेनिया असे नाव दिले. तोवर जगभर 'आता वय झालं' एवढ्यावर भागत होते. झीज सगळीकडे सारखी होत नाही. झटकन आकुंचन पावणारे तंतू आधी जातात, संथपणे काम करणारे मागे राहतात. म्हणून सत्तरीचा गृहस्थ कोपऱ्यावर तासभर उभा राहून राजकारणावर बोलू शकतो, पण उंबऱ्याला ठेच लागली की सावरायला त्याचा दुसरा पाय वेळेवर पुढे येत नाही.

हे गेलेले बळ परत मिळते का, याचे उत्तर 1990 साली बोस्टनमधल्या एका शुश्रूषागृहातून आले. मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदीच्या आसपासच्या दहा दुर्बल वृद्धांना आठ आठवडे पायांनी वजने उचलायला लावली. वजने नावापुरती नव्हती. एका वेळी जास्तीत जास्त जेवढे उचलता येईल त्याच्या 80 टक्क्यांपर्यंत ती नेली होती. नऊ जणांनी प्रयोग पुरा केला. पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली आणि दोघांनी काठी सोडली. अर्थात मुळातला आकडाच लहान असल्याने 174 टक्क्यांनंतरही कोणी हिंदकेसरीच्या आखाड्यात उतरण्याजोगे झाले नाही. त्याच प्रयोगातला दुसरा आकडा जास्त बोलका आहे: मांडीच्या स्नायूंचे आकारमान वाढले फक्त 9 टक्क्यांनी. ताकद अनेक पटींनी पुढे आणि आकार मागे, याचे कारण सुरुवातीच्या आठवड्यांत स्नायूंपेक्षा मज्जासंस्था जास्त शिकते. वर्षानुवर्षे निवांत पडलेल्या तंतूंना ती पुन्हा कामावर बोलावते. उतारवयातल्या व्यायामाची निराशा बहुतेक आरशासमोर होते ती यामुळेच. दंडाकडे पाहणाऱ्याला काही दिसत नाही, आणि तोच माणूस त्याच दिवशी खुर्चीच्या हातांना न धरता उठलेला असतो, हे त्याच्या ध्यानातही नसते.

महाराष्ट्रात या ताकदीची परीक्षा घेण्याची सोय पूर्वापार होती. पंगत, सत्यनारायण, भजन, मंगळागौर, सगळे जमिनीवर. क्लॉडिओ जिल आराउजो या ब्राझीलच्या डॉक्टरांनी 2012 साली तिच्याच शास्त्रीय आवृत्तीवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. जमिनीवर बसायचे आणि उठायचे. बसण्याला पाच गुण, उठण्याला पाच. हात, गुडघा किंवा कोपर टेकला की दर टेक्याला एक गुण वजा, झोक गेला तर अर्धा. 51 ते 80 वयाच्या 2002 जणांची ही चाचणी झाली आणि कमी गुण मिळालेल्यांत पुढच्या काही वर्षांत मृत्यूचे प्रमाण कितीतरी जास्त आढळले. ब्राझीलमध्ये हा अभ्यास चालू होता तेव्हा महाराष्ट्रात डायनिंग टेबल, बफे आणि कमोड यांनी मिळून ही परीक्षा रद्द करत आणली होती. परीक्षा रद्द झाल्यावर विद्यार्थ्यांना होतो तितकाच आनंद सर्वांना झाला आणि अभ्यासही तितकाच राहिला.

पंगतीतून उठण्याची जुनी पद्धत सविस्तर पाहण्याजोगी आहे. आधी ताट जरा पुढे सरकवले जाते. मग डावा हात पाटाच्या मागे, उजवा शेजाऱ्याच्या खांद्यावर, आणि शेजारी नेमका त्या वेळी मठ्ठ्याचा घोट घेत असतो. त्यानंतर अंग एका कुशीला कलते, एक गुडघा जमिनीला टेकतो, तिथे थोडा मुक्काम होतो, आजूबाजूचे दोघे 'अहो काका, थांबा, धरतो' म्हणत पुढे येतात, आणि 'आई गं' या सुरात काका उभे राहतात. मांड्या, कंबर आणि पोटऱ्या कमावलेला माणूस पाय जवळ ओढतो, पुढे झुकतो आणि उठतो. पाहण्यासारखे त्यात काही उरत नाही.

या बदलाचा सर्वांत आधी जाणवणारा भाग म्हणजे आवाज बंद होणे. खुर्चीतून उठताना 'अग्गं', बसताना 'हुश्श', बूट घालताना एक अस्फुट हुंकार, ही ध्वनिसंपदा बहुतेक घरांत पन्नाशीनंतर जमा होऊ लागते आणि करणाऱ्याला ती ऐकू येत नाही. ती थांबल्यावर घरातल्यांची मात्र गैरसोय होते. आजोबा उठले हे पूर्वी स्वयंपाकघरात कळत असे. आता ते थेट फ्रिजपाशी सापडतात आणि पेढ्यांचा हिशेब लागत नाही.

यानंतरचे क्षेत्र तोलाचे. त्याची खरी कसोटी सकाळी स्नानानंतर, ओल्या पायांनी, पायजम्यात दुसरा पाय घालताना लागते. पहिला पाय सहज जातो. दुसऱ्या वेळी माणूस एका पायावर असतो, पायजम्याचा घेर नेमका अंगठ्यात अडकतो, आणि न्हाणीघरापासून कपाटापर्यंत एक अनियोजित लंगडी होते. अनुभवी मंडळी म्हणून पलंगावर बसून कपडे घालतात. परकर डोक्यावरून घालणाऱ्या पिढीला ही परीक्षा द्यावी लागली नव्हती. सलवारीने ती स्त्रियांनाही लागू केली. तोल सांभाळायला मेंदू तीन ठिकाणांहून खबर घेतो: डोळे, कानाच्या आतला भाग, आणि तळपाय व सांधे. वयाबरोबर तिन्ही खबरी सुस्तावतात. आराउजो यांच्याच गटाने 2022 साली 51 ते 75 वयाच्या 1702 जणांना दहा सेकंद एका पायावर उभे केले, तेव्हा पाचातल्या एकाला ते जमले नाही. तोलाचा सराव मात्र फार मागत नाही. बेसिनपाशी दात घासताना, काठाला बोट टेकून, एक पाय उचलायचा. काही दिवसांनी बोटही उचलायचे. सुरुवातीलाच बोट आणि पाय एकदम उचलण्याचा उत्साह ज्यांना असतो त्यांच्यासाठी बेसिन फार कठीण पदार्थाचे बनवलेले असते. तोलावर भर देणाऱ्या व्यायामाने वृद्धांच्या पडण्याचे प्रमाण साधारण चौथ्या हिश्श्याने घटते, असा 2019 साली अनेक चाचण्या एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष आहे. न पडणे हा फायदा अर्थातच कधीच जाणवत नाही. मोडले नाही त्या खुब्याचा वाढदिवस कोणी करत नाही.

पकडीचा फायदा त्यामानाने लगेच जाहीर होतो, कारण त्याला प्रेक्षक असतात. लोणच्याची बरणी उघडण्याचे काम घरात ठरलेल्या क्रमाने फिरते. आजी प्रयत्न करते, फडके गुंडाळून पुन्हा प्रयत्न करते, सून झाकणावर उलथन्याने ठोकते, आणि शेवटी बरणी मुलाकडे जाते. ज्या दिवशी आजीच्या हातात झाकण सहज फिरते, त्या दिवशी आधी 'झाकण नीट लागलंच नव्हतं' असा निर्णय होतो; श्रेय दुसऱ्या-तिसऱ्या बरणीनंतर मिळते. 17 देशांतल्या, त्यात भारतातल्याही, सुमारे 1,40,000 लोकांच्या 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुठीची ताकद 5 किलोने कमी असणाऱ्यांत मृत्यूचा धोका 16 टक्क्यांनी जास्त दिसला. रक्तदाबाच्या आकड्यापेक्षा पकडीवरून पुढचा अंदाज चांगला येत होता. ही माहिती छापून आल्यावर बागेतल्या बाकांवर रबरी चेंडू दाबणारे हात दिसू लागणे ओघाने आले. चेंडू दाबून आयुष्य वाढते, असे त्या अभ्यासाने म्हटलेले नाही. मूठ ही सबंध शरीराची बातमी देते, एवढेच. नुसती बातमी सुधारून घटना बदलत नाहीत, हे वृत्तपत्र वाचणाऱ्या पिढीला सांगायला नको. मूठ आपसूक सुधारते ती पिशव्या उचलून, ओले धुणे पिळून, कणीक तिंबून आणि नारळ खवून. शेवटच्या कामात विळीवर बसून उठण्याचे गुण वेगळे.

जिन्यांबाबत सर्वांत मोलाचा पुरावा लंडनच्या दुमजली बसने दिला. जेरी मॉरिस यांनी 1953 साली दाखवून दिले, की दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दिवसभर जिना चढउतर करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. एकच बस, एकच धूर, एकच पगारवाढीची मागणी. फरक फक्त जिन्याचा. मॉरिस स्वतः 99 वर्षे जगले आणि संशोधकाने आपल्या निष्कर्षाला एवढी साथ दिल्याचे दुसरे उदाहरण चटकन आठवत नाही. पुण्यात हेच काम पर्वतीच्या 103 पायऱ्या करतात. तिथे पहाटे दोन जाती दिसतात: एक चढताना बोलणारी आणि दुसरी तिचे ऐकून घेणारी. दुसऱ्या जातीला उत्तर द्यायचे असते, पण श्वास शिल्लक नसतो. काही आठवड्यांनी तीही चढता चढता बोलू लागते आणि मग पर्वतीवर ऐकणारे कोणी राहत नाही. घरी याची प्रचीती लिफ्ट बंद पडते त्या दिवशी येते. चौथ्या मजल्यावर पोचून किल्ली काढताना माणसाला एकदम जाणवते, की आपण दुसऱ्या मजल्यावर कुलकर्ण्यांच्या दारातली नेमप्लेट वाचायला थांबलोच नाही. इतकी वर्षे ती पाटी रोज कशासाठी वाचली जात होती, तेही तेव्हाच समजते.

चालण्याबद्दल लिहिण्यासारखे फार असले तरी त्यातले निम्मे दहा हजार पावलांनीच खाल्ले आहे. हा आकडा वैद्यकातून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, 1965 साली, यामासा या जपानी कंपनीने पावले मोजण्याचे यंत्र विकायला काढले आणि त्याच्या नावातच दहा हजार पावले घातली. आकडा गोल होता, लक्षात राहिला. पुढे आय-मिन ली यांनी सरासरी 72 वर्षांच्या अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास केला. त्यात दिवसाला सुमारे 4400 पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण 2700 पावले चालणाऱ्यांपेक्षा ठळकपणे कमी होते, आणि साडेसात हजारांच्या आसपास फायद्याची चढण सपाट झाली. 2019 साली हे प्रसिद्ध झाले, तरी रात्री पावणेदहाला दिवाणखान्यात गोल फिरत उरलेली बाराशे पावले 'पूर्ण' करणारे आजोबा कमी झालेले नाहीत. काही जण बसल्या जागी मनगट हलवूनही ती करतात. घड्याळ फसते; मांडी फसत नाही.

आषाढीच्या वारीत आळंदीहून पंढरपूरपर्यंतचे सुमारे अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या साठी-सत्तरीच्या माउलींपैकी एकीलाही आपण व्यायाम करत आहोत असे वाटत नसते. शेतात वर्षभर उठबस केलेल्या पायांना वारी ही सुट्टी असते. शहरातल्या निवृत्त माणसाची गोष्ट वेगळी. त्याच्यासाठी चालण्याच्या उपयोगाची जागा म्हणजे एस.टी. ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरील नागरिकांना एस.टी.चा प्रवास मोफत आहे आणि 65 ते 75 पर्यंत अर्धे तिकीट. सवलत सरकारने दिली, पण गाडीची पहिली पायरी होती तेवढीच उंच राहिली. मोफत प्रवासाचा हक्क आणि तो बजावण्याची ताकद यांच्यामध्ये ही एक पायरी उभी आहे. दांडीला लोंबकळून, मागच्याने ढकलून, कंडक्टरने वरून ओढून जे चढतात त्यांचेही पुण्य कमी नाही. फक्त गाडी थोडी उशिरा सुटते.

पोटाच्या आतले फायदे डोळ्यांना दिसत नाहीत, तरी एकाची नोंद हवी. शतपावलीची टिंगल करणाऱ्या पिढीला अमेरिकेतल्या एका छोट्या प्रयोगाने 2013 साली गप्प केले. साठीपुढच्या दहा जणांना प्रत्येक जेवणानंतर 15 मिनिटे चालवले, तर दिवसभराची साखर जितकी आटोक्यात राहिली तितकी एकदाच सलग 45 मिनिटे सकाळी चालूनही राहिली. मात्र रात्रीच्या जेवणानंतरची साखर जेवणामागून चालण्यानेच उतरली. काम करणारा स्नायू रक्तातली साखर इन्शुलिनची फारशी वाट न पाहता उचलतो, हे त्यामागचे कारण. सकाळच्या चालण्याने जे कमावले जाते ते परतीच्या वाटेवर कसे खर्च होते, हेही इथेच सांगितलेले बरे. पाऊण तास चालून जेवढे उष्मांक जळतात त्याहून जास्त एका वडापावात असतात. चालणाऱ्यांचे गट नेहमी टपरीपाशीच का विसर्जित होतात, हा समाजशास्त्राचा विषय आहे.

समाजशास्त्राचाच दुसरा भाग म्हणजे तब्येत कमावणाऱ्याच्या सवलती जातात. वृद्धत्वासोबत काही हक्क आपसूक मिळतात: पंगतीत खुर्ची, बसमध्ये जागा, माळ्यावर चढण्यातून सूट, पाहुणे आले की न उठता हात जोडण्याची परवानगी. हे हक्क अर्ज न करता मिळतात आणि तसेच नोटीस न देता काढून घेतले जातात. सुरुवात निरुपद्रवी असते. 'बाबा, तुम्ही नाहीतरी फिरायला जाताच आहात, तर येताना दूध आणा.' दुधाला कोथिंबीर चिकटते, कोथिंबिरीला इस्त्रीचे कपडे, कपड्यांना दळण. बाबा दोन्ही हातांत पिशव्या घेऊन ताठ चालत घरी येतात. हाच प्रकार जिममध्ये दोन्ही हातांत डंबेल देऊन करून घेतात आणि त्याची फी घेतात, तेव्हा या व्यवहारात बाबांचा फायदाच आहे. फक्त त्यांना तो कोणी सांगत नाही. पुढची पायरी गणपतीच्या आधीच्या आठवड्यात येते, जेव्हा मखराचे खोके उतरवायला स्टुलावर चढण्यासाठी घरातले सर्व तरुण मोबाइलमधून मान वर करून एकाच दिशेने पाहतात. भरलेला गॅस सिलिंडर, म्हणजे 14.2 किलो गॅस आणि जवळपास तेवढ्याच वजनाची टाकी, दारापासून ओट्यापर्यंत कोणी न्यायचा हा प्रश्नही मग पडेनासा होतो. तो आजोबांनी उचलायचा नसतो, बुडाच्या कडेवर तिरका करून फिरवत न्यायचा असतो, एवढी सुधारणा मात्र सगळ्यांनी ध्यानात ठेवायला हवी. बसमध्ये उभे राहिलेल्या सत्तरीच्या गृहस्थाला कॉलेजचा मुलगा जागा देत नाही तेव्हा त्याला आधी राग येतो, आणि दोन स्टॉप गेल्यावर तो खुशीत येतो.

याच सुमारास एक उपद्रवही सुरू होतो. साठीनंतर ताकद परत मिळालेला माणूस बोलू लागतो. नाडीचे ठोके पूर्वी 84 होते ते आता 68 कसे झाले, हे तो न विचारता सांगतो. साखरपुड्याला जमलेल्या व्याह्यांना एका पायावर उभे करून दाखवायला लावतो. कोणाच्याही गुडघ्याची तक्रार निघाली की खुर्ची ओढून बैठका मारून दाखवतो, आणि मग त्याची बायको 'अहो, पुरे' म्हणते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांची याबाबतची कामगिरी कोणाला गाठता आलेली नाही. 1868 साली जन्मलेल्या या राजाने शरीरसौष्ठवपटू सँडो यांच्या पद्धतीचा व्यायाम करून झाल्यावर सूर्यनमस्कार हाती घेतले, संस्थानातल्या शाळांत ते सक्तीचे केले, आणि 1938 साली त्यांवरचे इंग्रजी पुस्तक थेट लंडनमध्ये प्रसिद्ध करवले. ज्यांच्याकडे संस्थान नाही त्यांना सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर भागवावे लागते. सूर्यनमस्कारात जमिनीपर्यंत जाऊन परत उभे राहणे दर आवर्तनाला होते, तेव्हा राजेसाहेबांची निवड चुकीची म्हणता येत नाही. मात्र उच्च रक्तदाब असणाऱ्याने किंवा हाडे ठिसूळ झालेल्याने डोके खाली नेणारी आणि कणा वाकवणारी आसने डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नयेत. डॉक्टरांना म्हणजे डॉक्टरांनाच, कट्ट्यावरच्या मित्राला नव्हे.

किती करावे, याचे उत्तर जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली दिले: आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, दोन दिवस तरी स्नायूंना ताण देणारा व्यायाम, आणि 65 नंतर आठवड्यात तीन दिवस तोल व ताकद एकत्र साधणारा सराव. मध्यम श्रम म्हणजे चालता चालता बोलता यावे पण गाता येऊ नये. ज्यांना एरवीही गाता येत नाही त्यांनी श्वासाकडे पाहावे. चालण्यावर सगळे निभावते, हा समज मात्र जुना आणि चिवट आहे. रोज दोन तास चालणाऱ्यालाही कमोडवरून उठताना भिंतीची खुंटी लागते, कारण सपाट रस्ता मांडीकडून फारसे काही मागत नाही. तिच्यासाठी खुर्चीतून हात न लावता उठणे-बसणे, जिना, थोडी वजने यांना पर्याय नाही. आहारात प्रथिने लागतात, आणि साबुदाण्याच्या खिचडीवर उभ्या असलेल्या उपासांना हे सांगण्याचे धाडस फार थोड्यांनी केले आहे. तिच्यातले शेंगदाण्याचे कूट हीच काय ती आशा.

काही गोष्टी व्यायामाने होत नाहीत. चष्मा जात नाही, केस येत नाहीत, कमी ऐकू येणाऱ्याला जास्त ऐकू येत नाही (काही घरांत याचा आग्रहही नसतो). झिजलेला गुडघा नवा होत नाही. भोवतीच्या स्नायूंनी भार उचलल्यामुळे तो कमी दुखतो आणि पावसाचा अंदाज वर्तवणे सोडतो. वजन तर पुष्कळदा हलतच नाही, कारण वरचेवर टपरी असते आणि थोडा स्नायूही वाढलेला असतो.

आणि कमावलेले टिकते ते वापरले तरच. धडधाकट वृद्धांना केवळ दहा दिवस अंथरुणात ठेवले तर पायांचा जवळपास एक किलो स्नायू जातो, असे 2007 साली एका प्रयोगात दिसले. तापाचे एखादे दुखणे, मुलीकडचे बाळंतपण, पावसाळ्यात बुडालेला जुलै, मुलाकडे अमेरिकेत बर्फात घालवलेला हिवाळा, प्रत्येकाची किंमत मांडीतून वसूल होते. परत आल्यावर सोडले होते तिथून सुरू करण्याचा मोह टाळावा. वजने निम्म्यावर आणावीत, जिन्याचा एक मजला कमी करावा, बेसिनच्या काठाला पुन्हा बोट टेकावे. गेलेली ताकद दुसऱ्या खेपेला पहिल्यापेक्षा लवकर येते. तोवर कोणी पंगतीत खुर्ची पुढे केली तर ती निमूट घ्यावी, आणि माळ्यावरच्या खोक्यासाठी मुलाला हाक मारावी.